मोक्षाची वेळ : चार ते सहा

काशीतल्या मुक्ती भवनाची एक अट जगभर गाजली आहे : पंधरा दिवसांत मरा, नाहीतर खोली सोडा. इतक्या उर्मटपणे तिथे कुणी सांगत नाही, माणूस बघून मुदत वाढवूनही मिळते. पण परदेशी वार्ताहरांना ही अट फार आवडते. त्यांच्याकडे बिल थकलं म्हणून खोलीबाहेर काढतात; मेला नाही म्हणून काढल्याचं त्यांनी कधी ऐकलेलं नसतं. दालमियांच्या धर्मादाय ट्रस्टने १९५८ साली सुरू केलेली ही जागा गोदौलियाजवळ आहे आणि पत्ता विचारलात तर खूण म्हणून गिरजाघर चौक सांगतात. मोक्षाला जायचं तर चर्चपाशी रिक्षा सोडायची. धर्मनिरपेक्षतेवर परिसंवाद भरवणाऱ्यांनी चहाच्या सुट्टीत एवढं बघून यायला हरकत नाही.

आत दहा-बारा खोल्या. आरती, भजन, रामनाम, तुळस, गंगाजल. नोंदवहीत नाव, गाव, वय, कधी आले, कधी गेले. डॉक्टर नाही, सलाइन नाही. ख्रिस्तोफर जस्टिस नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने इथे मुक्काम ठोकून जे पाहिलं त्याचा १९९७ मध्ये ग्रंथ झाला, शुभाशीष भुटियानीने २०१६ मध्ये सिनेमा केला आणि तिकडे व्हेनिसच्या महोत्सवात लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवण्यासारखं एक आहे खरं. त्या घरात मरणारा माणूस मरतोय हे सगळ्यांना ठाऊक असतं, त्यालाही. कुणी ते लपवत नाही. घरचं माणूस रात्रंदिवस उशाशी बसलेलं असतं आणि त्याला पास लागत नाही.

आता आपल्याकडे या. पुणे, नाशिक, कोल्हापूर, कुठलंही मोठं हॉस्पिटल घ्या. आयसीयूत भेटायची वेळ चार ते सहा. एका वेळी एकच नातेवाईक. चपला बाहेर. आजोबांच्या खाटेवर पाटी असते ‘एनबीएम’, म्हणजे तोंडावाटे काही द्यायचं नाही. इकडे घरी देवघरात गंगेचा गडू आहे. कधीकाळी काशीयात्रेहून आणलेला, तोंड डाख देऊन बंद केलेला, याच दिवसासाठी वर्षानुवर्षं जपलेला. शेवटी लेक तो फोडते, कापसाचा बोळा भिजवते, रुमालात दडवून आत नेते आणि सिस्टरचं लक्ष नाही असं बघून बाबांच्या ओठाला लावते. सिस्टरने पाहिलेलं असतंच. ती मान वळवते. भारतीय आरोग्यव्यवस्थेतला आध्यात्मिक सेवेचा विभाग तो हाच : सिस्टरची वळलेली मान.

कागदावर मात्र सगळं चोख आहे. हॉस्पिटलांना दर्जाचं प्रमाणपत्र देणाऱ्या ‘एनएबीएच’च्या निकषांत रुग्णाच्या हक्कांखाली श्रद्धा, मूल्यं, सांस्कृतिक गरजा, आध्यात्मिक गरजा, सगळं लिहिलेलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेने तर १९८४ मध्येच ठराव करून आरोग्याला आध्यात्मिक बाजू असते हे मान्य केलं. तपासणीला मंडळी येतात तेव्हा त्यांना दाखवायचं काय? लॉबीतला गणपती. आणि ॲडमिशनच्या कागदावरचा ‘धर्म’ हा रकाना. तो पेशंट दाखल होताना भरून घेतात, आणि पुन्हा वाचतात तो बॉडी कुठे न्यायची हे ठरवताना. मधल्या काळात त्या रकान्याचं कुणालाच काम नसतं.

गणपतीबद्दल माझी तक्रार नाही. दसऱ्याला एक्स-रे मशीनला झेंडूचा हार घालतात, व्हेंटिलेटरला कुंकू लावतात, ऑपरेशनच्या सुऱ्या पाटावर मांडून त्यांना फुलं वाहतात. सरकारी दवाखान्याच्या आवारात वर्गणीतून बांधलेलं मारुतीचं देऊळ असतं आणि त्याचा रंग दवाखान्यापेक्षा ताजा असतो. यंत्रांच्या आध्यात्मिक गरजा आपलं सेक्युलर राज्य वेळच्या वेळी भागवतं. खाटेवरच्याचा नंबर अजून लागलेला नाही.

डॉक्टरही देवाचं नाव घेतात. कधी घेतात ते फक्त पाहा. तीन आठवडे केसपेपरवर देवाचा उल्लेख नाही, राउंडला नाही, कौन्सेलिंगला नाही. आणि मग एका दुपारी कॉरिडॉरमध्ये, चालता चालता : ‘आम्ही आमच्याकडून सगळं केलं, आता वरच्यावर सोडा.’ देव आपल्याकडे शेवटचा कन्सल्टंट म्हणून येतो. त्याच्या व्हिजिटनंतर फाइल थेट बिलिंगला जाते.

सिसिली साँडर्स नावाची एक बाई होती. आधी नर्स, मग सोशल वर्कर, मग डॉक्टर. म्हणजे खाटेच्या तिन्ही बाजूंनी उभी राहिलेली. तिने १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं आणि सांगितलं, की मरणाऱ्याचं दुखणं एकपदरी नसतं. शरीर दुखतं, मन दुखतं, घरादाराची काळजी दुखते आणि शिवाय ‘हे मलाच का’ हा प्रश्न दुखतो. चौथ्या दुखण्याला ती आध्यात्मिक म्हणाली. आपल्याकडे त्याचा उच्चार ठरलेला आहे : ‘मी असं काय पाप केलं होतं?’ कॅन्सरच्या कुठल्याही वॉर्डात पाच मिनिटं उभे राहा, कुठल्या ना कुठल्या खाटेवरून हे वाक्य येईल.

काशीच्या वॉर्डातही येतं. बीएचयूच्या आवारात टाटा मेमोरियलचं महामना मालवीय कॅन्सर केंद्र २०१९ मध्ये सुरू झालं. त्याच्या आधी लहरतारा भागातलं रेल्वेचं जुनं कॅन्सर रुग्णालय टाटांकडे येऊन त्याचं होमी भाभा कॅन्सर हॉस्पिटल झालं होतं. तिथे तोंडाचा कॅन्सर झालेला बनारसी गृहस्थ ‘मी काय पाप केलं’ विचारतो तेव्हा डॉक्टरांकडे उत्तर तयार असतं : तंबाखू. उत्तर शंभर टक्के बरोबर आहे आणि त्या क्षणी त्याचा कणभर उपयोग नाही. पण त्याच ओपीडीत पित्ताशयाच्या कॅन्सरच्या बायका येतात. गंगेच्या खोऱ्यात हा कॅन्सर फार, आणि पुरुषांपेक्षा बायकांना जास्त. आयुष्यात तंबाखूला न शिवलेली, सोळा सोमवार केलेली, सगळ्यांचं जेवण झाल्यावर जेवलेली बाई विचारते, मी काय केलं? आता काय सांगणार? तिला पुढच्या सोनोग्राफीची तारीख सांगतात.

लहरतारा म्हटल्यावर कबीर आलाच. नीरू आणि नीमा या विणकर जोडप्याला तो तान्हा असताना इथल्याच तळ्यात सापडला अशी कथा आहे. शहरातलं जुनं सरकारी रुग्णालयही कबीरचौऱ्यात. म्हणजे काशीत आजारी पडायचं ते कबीराच्याच हद्दीत. आणि हा कबीर मरायला मात्र काशी सोडून मगहरला गेला, जिथे मेलं की गाढवाचा जन्म मिळतो असा लौकिक होता. डॉक्टरांचा सल्ला मोडून निघून गेलेल्या पेशंटला हॉस्पिटलच्या भाषेत ‘लामा’ म्हणतात. ‘सात नंबर लामा झाला’ हे वाक्य सिस्टर तिबेटचा विचारही मनात न आणता म्हणतात. त्या हिशोबाने कबीर काशीचा सगळ्यात नामांकित लामा पेशंट. मगहरला त्याची समाधी आणि मजार शेजारी शेजारी आहेत. दोन्ही धर्मांनी त्याला डिस्चार्ज दिलेला नाही.

हसू नका, लामा होणं हाच आपल्याकडे घरी मरण्याचा राजमार्ग आहे. व्हेंटिलेटर काढायचा कायदेशीर रस्ता सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये उघडला आणि अवघड होता म्हणून २०२३ मध्ये सोपा केला. सोपा म्हणजे, ‘मला यंत्रावर ठेवू नका’ असं आधीच लिहून ठेवलेल्या इच्छापत्रावर मॅजिस्ट्रेटऐवजी नोटरी चालेल. शिवाय तीन डॉक्टरांचं प्राथमिक मंडळ, मग तीन डॉक्टरांचं दुय्यम मंडळ. बहुतेक घरं एवढं ऐकूनच ‘आम्ही आमच्या जबाबदारीवर नेतो’ या कागदावर सही करतात, रुग्णवाहिका बोलावतात आणि हाताने श्वास पुरवणारी अंबू बॅग दाबत गावाकडे निघतात. काही जण काशीकडे. मुक्ती भवनाला एक नोंदवही पुरते.

एवढं वाचून कुणी काशीचं तिकीट काढू नये. शास्त्र म्हणतं, काशीत मेलेल्याला यमाकडे जावं लागत नाही. तिथला कोतवाल कालभैरव; पापांचा हिशोब तो जागच्या जागी चुकता करतो, आणि त्या क्षणभराच्या छळाला भैरवी यातना म्हणतात. म्हणजे यातना शास्त्रालाही मान्य आहेत, फक्त त्याने त्या क्षणभराच्या ठेवल्या. हाडांत पसरलेल्या कॅन्सरला हा नियम कुणी कळवलेला नाही. तो रात्रभर दुखतो. मग शंकर येऊन उजव्या कानात तारकमंत्र सांगतो, असंही शास्त्र आहे. किंचाळणाऱ्या माणसाच्या कानात शंकराने सांगायचं काय आणि त्याला ऐकू यायचं काय? तारकमंत्राच्या आधी मॉर्फिन लागतं, आणि भजनाच्या घरात ते मिळत नाही.

मॉर्फिन येतं कुठून? अफूपासून. आणि काशीहून सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटरवर, त्याच गंगेच्या काठी, गाझीपूरला १८२० सालापासून अफूचा सरकारी कारखाना आहे. कंपनी सरकार गेलं, राणीचं राज्य गेलं, कारखाना आहे तिथेच. जगाला कायदेशीर अफू पुरवणाऱ्या या देशाने १९८५ मध्ये अमली पदार्थांचा असा कडक कायदा केला, की नशेबाज सापडो न सापडो, कॅन्सरच्या पेशंटची गोळी आधी बंद झाली. एका बाटलीसाठी परवान्यांची चळत. दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवायचंच सोडलं. डॉक्टरांच्या पिढ्या ते न लिहिता निवृत्त झाल्या. २०१४ मध्ये कायद्याला सुधारणा झाली, परवाना एकावर आला. पण भीती काही दुरुस्ती-विधेयकाने जात नाही. २०१० मध्ये कुणीतरी देशोदेशीच्या मरणाचा दर्जा मोजला, तर ४० देशांत आपला नंबर ४०. २०१५ मध्ये ८० देशांत ६७. पुनर्जन्मावर एवढा विश्वास असलेल्या देशाने पहिल्या मरणाकडे इतकं दुर्लक्ष करावं, हे तर्कशुद्धच म्हणायचं : पुढच्या खेपेला बघू.

म्हणजे एकाच काशीत रिक्षाच्या अंतरावर दोन जागा आहेत : टाटांचं रुग्णालय आणि मुक्ती भवन. एकीत वेदनेवर उपाय आहे, प्रश्नावर नाही. दुसरीत प्रश्नाला उत्तर आहे, वेदनेला नाही. पेशंटने निवडायचं. हे असंच असतं असं मानायचं कारण नाही. १९०० साली याच शहरात विवेकानंदांच्या शब्दांनी पेटलेल्या काही बंगाली पोरांनी गल्लीत मरायला टाकलेल्या यात्रेकरू म्हाताऱ्यांना उचलायला सुरुवात केली. त्यातून लक्सा भागात रामकृष्ण मिशनचं सेवाश्रम रुग्णालय उभं राहिलं. मोक्षाला आलात ना, मग औषध कशाला, असं त्या पोरांनी म्हाताऱ्यांना विचारलं नाही. आपल्या मुंबईत वांद्र्याच्या माउंट मेरीजवळ १९८६ मध्ये शांती अवेदना आश्रम सुरू झाला, देशातलं पहिलं हॉस्पिस. तिथे कॅथलिक नन्स सगळ्या धर्मांच्या पेशंटांचं करतात आणि पैसे घेत नाहीत. हे दोन्ही धार्मिक लोकांचेच उद्योग. सेक्युलर राज्याचा आणि बुद्धिवाद्यांचा यातला वाटा शोधायला मी अजून बसलेलो नाही, चष्मा सापडला की बसतो.

सरकारी पैशाने अध्यात्म झालंच नाही असंही नाही. ते प्रयोगशाळेत झालं. ऋषिकेशच्या ‘एम्स’मध्ये २०२१ साली कोविडच्या रुग्णांवर गायत्री मंत्राची चाचणी घेतली, केंद्राच्या विज्ञान खात्याच्या निधीतून. त्याच्याही आधी दिल्लीच्या राममनोहर लोहिया रुग्णालयात डोक्याला मार लागलेल्यांसाठी महामृत्युंजय जप करून पाहिला. अमेरिकनांनी याहून मोठा घाट घातला होता : बायपासचे १८०२ रुग्ण, तीन गट, आणि प्रार्थना करायला लांबची अनोळखी माणसं. २००६ मध्ये निकाल लागला. आपल्यासाठी प्रार्थना होतेय की नाही हे ठाऊक नसलेल्यांत गुंतागुंत ५१-५२ टक्के, आणि ‘तुमच्यासाठी नक्की प्रार्थना चालू आहे’ असं ज्यांना सांगितलं त्यांच्यात ५९ टक्के. बिचारे घाबरले असतील. ओळखदेख नसताना लोक प्रार्थनेला लागलेत म्हणजे आपली केस फारच गेलेली दिसते! मंत्राने सूज किती उतरली हे मोजणाऱ्यांनी, जप ऐकून म्हातारीला बरं वाटलं का, हे तिला विचारलं असतं तरी चाललं असतं. पण ते विचारायला खाटेवर बसावं लागतं, आणि त्याला निधी मिळत नाही.

ब्रिटिशांनी १९४८ मध्ये सार्वजनिक आरोग्यसेवा काढली तेव्हापासून हॉस्पिटलात पगारी पाद्री आहेत. तिथले नास्तिक अधूनमधून हिशोब मागतात, की करदात्याच्या पैशात पाद्री कशाला, नर्स नेमा. वाद रास्त आहे. त्यातून निघालं काय, तर आता तिथे पाद्र्यांबरोबर मुल्ला, रब्बी, हिंदू पुजारी आहेत आणि कुठलाच धर्म न मानणाऱ्यांसाठी तसेच धर्म न मानणारे सोबती. म्हणजे नास्तिकाने विरोध केला, आणि शेवटी त्यालाही एक माणूस मिळाला. आपल्याकडे विरोध करायला मुळात नेमलेलंच कुणी नाही, त्यामुळे शांतता.

या शांततेचा फटका कुणाला बसतो? ज्याच्याकडे गडू आणि लेक आहे तो निभावून नेतो. पण काशीच्याच मदनपुऱ्यातल्या मुसलमान विणकराला शेवटी पश्चिमेकडे तोंड करून झोपायचं असतं, आणि वॉर्डातल्या सगळ्या खाटा ऑक्सिजनच्या पाइपकडे तोंड करून असतात. मुक्ती भवन हिंदूंचं, त्यामुळे पंधरा दिवसांचा सवालच नाही. आणि इकडे सदाशिव पेठेतले निरीश्वरवादी आजोबा. जन्मभर सत्यनारायणाला गेले नाहीत, देहदानाचा फॉर्म भरून ठेवलाय. बेशुद्ध होताच भाची कपाळाला अंगारा लावते, शेजारीण उशीखाली पोथी सरकवते, वॉर्डबॉय मोबाइलवर हनुमानचालिसा लावून देतो. सगळं प्रेमाने. आजोबांचीही एक आध्यात्मिक गरज होती, की मला यातून वगळा. ती कुठल्या रकान्यात लिहायची?

खरं तर काम अवघड नाही. शुद्धीत आहे तोवर माणसाला चार गोष्टी विचारायच्या : तुम्हाला कशाचा आधार वाटतो, कुणाला बोलवायचंय का, काय करायचं, काय अजिबात करायचं नाही. उत्तरं केसपेपरवर बीपीच्या शेजारी लिहायची. परदेशी डॉक्टरांना हे शिकवतात. आपल्याकडेही वेदना हलक्या करणाऱ्या चांगल्या पॅलिएटिव्ह युनिटांत नर्स हे रोज करते, जेवणाच्या सुट्टीतून वेळ काढून.

उद्या सरकारने मनावर घेतलंच, तर पुढचं मला आत्ताच दिसतंय. ‘आध्यात्मिक परिचर, गट क’ची जाहिरात निघेल. कुठल्या धर्माच्या किती जागा यावरून मोर्चे निघतील, भरतीला न्यायालयाची स्थगिती येईल, मग पदं कंत्राटी होतील आणि कंत्राट सिक्युरिटी गार्ड पुरवणाऱ्या एजन्सीला जाईल. लातूरला क्लास सुरू होतील, पन्नास टक्के फी आगाऊ. पेपरात प्रश्न असेल : रुग्ण विचारतो, मी काय पाप केलं होतं? अ) पूर्वसंचित समजावून सांगावे. ब) तंबाखूचे दुष्परिणाम सांगावेत. क) जवळ बसून ऐकावे. ड) वरिष्ठांना कळवावे. उत्तरतालिकेत ‘ड’ येईल. हरकत नोंदवायची फी वेगळी.